गेलेल्यांच्या कपड्यांची गोधडी, बारा जणांनी मिळून कशी शिवायची

माणूस गेलं की त्याचे कपडे वर्षश्राद्धापर्यंत कपाटात तसेच पडून राहतात, कोणी हात लावत नाही, आणि मग एक दिवस घरातलं कोणीतरी घाईघाईत सगळं उचलून बोहारणीला देऊन टाकतं. माझ्या आईच्या साड्या अशाच एका स्टीलच्या डब्यावर गेल्या. डबा अजून आहे घरात, त्यात पोहे असतात. म्हणून नाशिकमध्ये, इंदिरानगरला आमच्या बिल्डिंगमध्ये आणि आजूबाजूला विचारून बारा जण जमवले आणि एक गोधडी शिवली. तुम्हाला करायची असेल तर हे वाचा.

आधी ठरवा की फक्त मेलेल्यांचेच कपडे असं नाही. आमच्यात एकीचा घटस्फोट झालेला, एका काकांचा मुलगा जर्मनीला जाऊन परत आलाच नाही, आणि एका ताईचा सख्खा भाऊ तिकडे पंचवटीत राहतो पण अकरा वर्षं अबोला. कोणाचं दुःख मोठं हे मोजायचं नाही, ते एकदा सुरू झालं ना की पुढच्या रविवारी निम्मी माणसं येत नाहीत.

माप सोपं ठेवा. प्रत्येकाचा एक चौकोन, कापताना 15 इंच, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो म्हणजे 14 उरतो. तीन आडवे, चार उभे. गोधडी 42 बाय 56 इंचाची होते, एका माणसाच्या अंगावर व्यवस्थित येते. आतल्या थरांना आणि खालच्या बाजूला एक जुनी सुती नऊवारी घ्या, साधारण आठ मीटर असते, तिचे पाच तुकडे निघतात. एक खाली, तीन आत, पाचव्याच्या पट्ट्या काढून कडेला लावायच्या.

आता धुण्याबद्दल, कारण इथे मी माती खाल्ली. एका काकूंनी मिस्टरांचा सातपूरच्या कंपनीतला खाकी शर्ट आणला आणि मी शहाणपणा करून सगळ्यांचे कपडे एकत्र भिजवले, लाल साडीचा रंग गेला तो गेलाच, पण त्या शर्टाचा वासही गेला आणि त्या वासासाठीच त्यांनी तो चार वर्षं धुतला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता शर्ट नाकाशी धरून बसल्या. तेव्हा ज्याचा कपडा त्याने धुवावा किंवा धुवू नये, आणि कात्रीसुद्धा त्यानेच चालवावी. कोणाचा हात अडला तर अडू दे, आमच्याकडे एकीला तीन रविवार लागले.

घरातली मोठी माणसं म्हणतील मेलेल्याचं कापड अंगावर घेऊ नये. त्यांच्याशी वाद घालू नका. रामकुंडावर अस्थी सोडून आलेल्या घराला त्यातलं काय शिकवणार आपण? त्यांना सांगा गोधडी भिंतीवर टांगायची आहे, मग बऱ्याच जणी स्वतःच एखादं ब्लाउजपीस आणून देतात.

आणि हे काही आपलंच खूळ नाही. अमेरिकेत एड्सने गेलेल्यांसाठी क्लीव्ह जोन्स आणि त्याच्या मित्रांनी 1987 मध्ये अशीच गोधडी सुरू केली, एकेक तुकडा 3 बाय 6 फुटांचा, म्हणजे थडग्याच्या मापाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला ती अंथरली तेव्हा 1,920 तुकडे होते. चिलीमध्ये 1973 नंतर लष्करी राजवटीने गायब केलेल्यांच्या आयाबायकांनी गोणपाटावर चित्रं शिवली, त्यात काहींनी त्या माणसांच्याच कपड्यांचे तुकडे वापरले.

चौकोन मशीनवर जोडले तरी चालतात, पण टाके हातानेच घाला. थर जमिनीवर पसरा, कोपऱ्यांवर धान्याचे डबे ठेवा, आधी लांब कच्चे टाके मारा नाहीतर मधे फुगा येतो. मग जाड सुती दोरा, मोठ्या नेढ्याची सुई, आणि कडेकडून आत येत धावदोरा. पैठणीचा काठ कोणी आणला तर तो मधे नको, त्यातली जर हाताला लागते आणि सुई अडते, कडेला ठेवा.

बसल्यावर "आता प्रत्येकाने आपली आठवण सांगा" असं चुकूनही म्हणू नका, माझ्या तोंडून पहिल्या रविवारी निघालं आणि सगळे एकदम शाळेत उभं केल्यासारखे गप्प. हात चालू असला, नजर कापडावर असली की माणूस आपणहून बोलतो, तेही अर्धवट, मधेच चहा मागतो. जर्मनीवाल्या काकांना सुईत दोरा ओवता येईना, तो अबोलावाल्या ताई ओवून द्यायच्या, आणि ते दोघं जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही.

आपापल्या चौकोनावरच टाके घालायचे असं ठेवू नका. दर अर्ध्या तासाने जागा बदला. त्या खाकी शर्टावर आता सात जणांचे टाके आहेत, माझे सगळ्यात वाकडे.

शेवटी गोधडी कोणाकडे राहणार हे सुईला हात लावायच्या आधीच ठरवा, नंतर भांडणं होतात. आमच्याकडे महिनाभर एकेकाकडे फिरते. धुवायची वर्षातून एकदा, थंड पाण्यात, मशीनमध्ये नाही, आणि वाळत घालताना उलटी घाला, चैत्राचं ऊन रंग ठेवत नाही.