मेंदूच्या मागच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णाची घरी काळजी कशी घ्यावी

मानेच्या मणक्यांतून दोन व्हर्टेब्रल धमन्या वर जातात आणि कवटीत शिरल्यावर एकत्र येऊन त्यांची बेसिलर धमनी होते. मेंदूचे खोड, तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि दृष्टी सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग यांना मुख्यतः याच वाटेने रक्त मिळते. गुठळी अडकून येणाऱ्या मेंदूच्या झटक्यांपैकी (लकव्यांपैकी) साधारण पाचांतला एक या भागात येतो. चरबीचा थर साचून ही वाट अरुंद झाली असेल, तर दुसऱ्या झटक्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांतच सर्वाधिक असतो. म्हणून घरच्यांची खरी कसोटी रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यानंतर लागते.

आपल्याकडे लकवा म्हणजे वाकडे तोंड आणि लुळा पडलेला हात, एवढेच समीकरण आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कोणी भोवळ येऊन उलट्या करू लागला, की घरचे 'ऊन लागले' म्हणतात आणि कैरीचे पन्हे पुढे करतात. अशा वेळी रुग्णाला खाटेच्या कडेला बसवावे आणि मागे माणूस उभा ठेवून, आधाराशिवाय बसता येते का, ते पाहावे. तोल एकीकडे जात असेल, एकाची दोन माणसे दिसत असतील आणि एक डोळा झाकताच ती पुन्हा एकच दिसत असतील, जीभ जड झाली असेल किंवा घोट गिळताना ठसका लागत असेल, तर तो झटका समजावा. यांतले एकच लक्षण अचानक दिसले तरी थांबू नये, आणि लक्षणे काही मिनिटांत ओसरली तरी रुग्णालय टाळू नये. पन्हे, पाणी, गोळी यांपैकी काहीही तोंडात घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून घरी जादा गोळीही देऊ नये. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवून १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडच्या घाटवाटांवर त्यातला बराच वेळ प्रवासातच जातो. साध्या सीटी स्कॅनमध्ये मागच्या भागातला ताजा झटका अनेकदा दिसत नाही, त्यामुळे 'सीटी नॉर्मल' ऐकून परत न फिरता एमआरआय आणि अँजिओग्राफीबद्दल (रक्तवाहिन्यांचे चित्र काढणाऱ्या तपासणीबद्दल) विचारावे.

गोळ्यांचा घोळ मात्र घरोघरी होतो. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या ठरावीक काळ, बहुधा २१ ते ९० दिवस, एकत्र देतात आणि नंतर त्यांतली एक बंद करतात. कोणती आणि कोणत्या तारखेला, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, नाहीतर 'कोर्स संपला' म्हणून दोन्ही बंद होतात. कोलेस्टेरॉलची गोळी अहवाल चांगला आला तरी चालू ठेवायची असते, कारण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली राखणे हेच उद्दिष्ट असते.

'स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) टाकून मोकळे होऊ' असे नातेवाईक म्हणतात, ते समजण्यासारखे आहे. परंतु मेंदूतील अरुंद धमन्यांवरील अमेरिकेतील सॅम्प्रिस चाचणीत (२०११) पहिल्या ३० दिवसांत झटका किंवा मृत्यू स्टेंट गटात १४.७ टक्के, तर केवळ औषधांच्या गटात ५.८ टक्के रुग्णांना आला. म्हणून आधी औषधे, हा क्रम मला योग्य वाटतो.

रक्तदाब किमान १४०/९० च्या खाली असावा. तंबाखू-चुना आणि बिडी पूर्ण सोडावी. शेवभाजी, ठेचा, लोणचे यांतले मीठ सगळ्यांना ठाऊक असते, पण पापडखारातले सोडियम कोणी मोजत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी पडून रक्तदाब घसरला, तर अरुंद वाटेतला प्रवाह आणखी मंदावतो. म्हणून लघवीच्या गोळीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यावा आणि रुग्णाने उठताना आधी दोन मिनिटे बसून मग उभे राहावे. दाढी-कटिंगनंतर मान कडकन मोडून घेण्याची सवयही बंद करावी, कारण अशा हिसक्याने व्हर्टेब्रल धमनीचा आतला पदर फाटू शकतो.