सणाची खरेदी घरी ठरवा, दुकानात फक्त घ्या

सण तोंडावर आला की जिकडेतिकडे तीच कुरकुर सुरू होते. पैसा पाण्यासारखा जातो, गर्दीत जीव मेटाकुटीला येतो, आणि एवढं करून घरात आलेलं निम्मं सामान कुणालाच धड हवं नसतं. मी बरीच वर्षं एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात हिशेबाला होते, त्यामुळे हा हंगाम काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलाय. लोक खर्च करतात याचं मला वाईट वाटत नाही. आपल्या माणसांसाठी चार पैसे सोडावेसे वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण काय घ्यायचं हे लोक दुकानात उभं राहून ठरवतात, तिथं मला कळवळा येतो. त्या जागेतला उजेड, आरसे, मांडणी, गाणी, सगळं तुम्ही तिथल्या तिथे ठरवावं म्हणूनच केलेलं असतं. म्हणून ठरवायचं काम घरी कसं उरकायचं ते सांगते.

आधी कपाटं उघडा

खरेदीची यादी करायच्या आधी घरात काय आहे ते बघा. कपाटाचा मागचा कप्पा, पलंगाखालची खोकी, माळ्यावरच्या पिशव्या. टॅगही न काढलेला शर्ट सापडेल, प्लॅस्टिकमधून बाहेर न आलेली चादर सापडेल, गेल्या वेळचं सजावटीचं सामान तर हमखास सापडेल. ते सगळं पलंगावर मांडा आणि घरातल्या सगळ्यांना बघायला बोलवा. त्यानंतर होणारी यादी आपोआप आखूड होते.

यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे एक ओळ लिहायची: ही वस्तू नाही म्हणून गेल्या महिन्यात काय अडलं? ‘बूट: तळ उकललाय, पाणी शिरतं.’ हे झालं खरं कारण. ‘मिक्सर: भांडं फिरत नाही.’ इथं जरा थांबा. पुष्कळदा भांड्याखालचा नाहीतर मोटरवरचा कपलर, म्हणजे दोघांना जोडणारा छोटा भाग, झिजलेला असतो. तो बदलला की तोच मिक्सर आणखी काही वर्षं चालतो. ज्या वस्तूपुढे काहीच लिहिता येत नाही ती यादीतून काढून टाकू नका, पण तिला पानाच्या खाली वेगळी जागा द्या. पैसे उरले तर तिचा विचार करू.

‘मॅचिंग’ या कारणाकडे विशेष लक्ष ठेवा. दनी दिदेरो या फ्रेंच विचारवंतानं १७६९च्या सुमारास स्वतःचाच अनुभव लिहून ठेवलाय. त्याला एक सुंदर नवा झगा मिळाला, त्यापुढे जुनं टेबल कळकट दिसायला लागलं, मग खुर्ची, मग भिंतीवरची चित्रं, आणि एकेक करत सगळी खोलीच बदलली. १९८८ साली ग्रँट मॅक्क्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञानं या साखळीला दिदेरोचंच नाव दिलं. सोफ्याची खोळ बदलली की पडदे, पडदे बदलले की गालिचा, हे आमच्या दुकानात मी रोज बिलांवर बघायचे. साखळीची पहिली कडी घेतानाच पुढच्या कड्यांचे पैसे धरा. तेवढे नसतील तर पहिलीही घेऊ नका.

मग आकडा

एकच एकूण आकडा ठरवा, तोही घरातल्या सगळ्या कमावत्यांनी एकत्र बसून. अंथरूण पाहून पाय पसरावे हे सगळ्यांना पाठ असतं, पण अंथरूण केवढं आहे हे घरात एकालाच माहीत असतं आणि सणातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. आकड्याचे तीन भाग करा: घरासाठी, दुसऱ्यांना द्यायला, स्वतःसाठी. प्रत्येक भागाचं वेगळं पाकीट करा. ऑनलाइन पैसे देणाऱ्यांनी तेवढीच रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली तरी चालेल.

रोख पैसे हातातून जाताना टोचतात, कार्डानं देताना तेवढे टोचत नाहीत. प्रेलेक आणि सिमेस्टर या अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. खेळाच्या सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली तेव्हा कार्डानं पैसे देणाऱ्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या वर गेली. तिकिटं तीच होती, माणसंही एकाच वर्गातली. म्हणून ‘स्वतःसाठी’चं पाकीट तरी रोखीचं ठेवा, कारण हात सगळ्यात जास्त तिथंच सुटतो.

किमतीची पाटी कशी वाचायची

यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सेलच्या आधी माझ्या टेबलावर नव्या लेबलांचे रोल येऊन पडायचे. लेबलावर वर मोठी किंमत, तिच्यावर आडवी रेघ, खाली लहान किंमत. ती रेघसुद्धा छापूनच आलेली असायची. जुन्या लेबलावर नवं लेबल नीट बसलं पाहिजे, कडेनं जुना आकडा डोकावता कामा नये, एवढीच सूचना असे. रेघ मारलेल्या किमतीला त्यातले कित्येक शर्ट एक दिवसही विकले गेलेले नव्हते. माझ्याकडे विक्रीचं रजिस्टर होतं, त्यामुळे मला ते ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला कळायला काहीच मार्ग नव्हता.

तो खोडलेला आकडा कशाला असतो? ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग मांडला. लोकांसमोर एक चाक फिरवलं, ते मुद्दाम १० वर किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांच्यापुढे १० आला त्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ज्यांच्यापुढे ६५ आला त्यांचा ४५. चाकाचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता, तरी आधी दिसलेल्या आकड्यानं अंदाज ओढून नेला. लेबलावरची मोठी किंमत हेच काम करते.

उपाय साधा आहे, फक्त वेळेवर करायला हवा. यादी पक्की झाली की त्याच दिवशी, सणाच्या महिना-दीड महिना आधी, प्रत्येक वस्तूची चालू किंमत वहीत टिपा. ऑनलाइन असेल तर तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. सेल लागला की खोडलेल्या आकड्याकडे बघायचंच नाही, नवी किंमत थेट वहीतल्या किमतीशी ताडून बघायची. युरोपियन युनियनमध्ये २८ मे २०२२ पासून असा नियमच लागू आहे: सूट जाहीर करताना ‘आधीची किंमत’ म्हणून मागच्या किमान ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत दाखवावी लागते. जिथं असा कायदा नाही तिथं आपली वही आहे.

थोडं गणितही सोबत असू द्या. ‘५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के’ म्हणजे ७० टक्के नव्हेत. शंभराचे पन्नास झाले, पन्नासाचे वीस टक्के दहा, म्हणजे एकूण सूट ६०. ‘दोन घ्या, तिसरं मोफत’ ही तिन्ही लागणार असतील तर ३३ टक्के सूट आहे. एकच लागणार असेल तर तुम्ही दुप्पट पैसे मोजताय. पॅकबंद मालाची किंमत नेहमी शंभर ग्रॅममागे किंवा शंभर मिलिलिटरमागे काढा. सणाच्या खास डब्यात माल कमी आणि पुठ्ठा जास्त असं सर्रास असतं, आणि ते फक्त वजन वाचल्यावर कळतं.

हप्ते

दरमहा किती पडतात हे विचारू नका, सगळे मिळून किती पडतात ते विचारा. रोखीनं घेतलं तर कितीला द्याल, हेही विचारा. बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यात कधी प्रोसेसिंग फी असते, कधी रोखीवर मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. त्या दोन रकमांमधला फरक म्हणजेच तुमचं व्याज. ‘फ्लॅट’ दराला तर मुळीच भुलू नका. वर्षभराच्या कर्जावर १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशेबानं सुमारे साडेएकवीस टक्के, कारण मुद्दल दर महिन्याला फिटत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर चालू राहतं. पुढच्या सणापर्यंत या सणाचे हप्ते भरत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरात नव्या वस्तूचा आनंद केव्हाच संपलेला असतो.

मोबाईलवर

साठवलेलं कार्ड काढून टाका. खरेदीच्या ॲप्सच्या सूचना हंगामभर बंद ठेवा. कार्टमध्ये टाकलेली वस्तू एक रात्र तशीच राहू द्या. ऑफर संपायला किती वेळ उरला ते दाखवणारं घड्याळ उलटं धावत असेल तर तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा, पुष्कळदा तिथं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं दिसतं. पैसे भरण्याआधी बिलाची एकेक ओळ वाचा: न मागता विमा, देणगी, सदस्यत्व यांच्या चौकटीत खूण झालेली असते. अशा चलाख्यांना हॅरी ब्रिगनल या ब्रिटिश डिझायनरनं २०१० साली ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. भारत सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये असे तेरा प्रकार मार्गदर्शक सूचनांत नोंदवले, त्यात खोटी घाई आणि कार्टमध्ये गुपचूप भर घालणं हे दोन्ही आहेत. म्हणजे तुम्हाला जो त्रास होतो तो मनाचा खेळ नाही, त्याला सरकारी कागदावरही नाव आहे.

भेटवस्तू

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात आणि सगळ्यात जास्त मनंही इथंच दुखावतात. जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञानं विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींचा हिशेब १९९३ साली मांडला. घेणाऱ्याच्या लेखी वस्तूचं मोल तिच्या किमतीपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांशानं कमी भरलं. जवळच्या मित्रमैत्रिणींनी दिलेल्या वस्तू त्यातल्या त्यात बऱ्या ठरल्या, कारण त्यांना आवड माहीत होती. आमच्याकडे सणानंतरच्या आठवड्यात बदलून घ्यायला येणाऱ्यांची रांग बघितली की हेच जाणवायचं. हातात बॉक्स, आणि चेहऱ्यावर संकोच, की देणाऱ्याला कळलं तर काय वाटेल.

म्हणून विचारा. सरळ विचारा, आणि महिनाभर आधी विचारा. अचानक भेटीत जी गंमत असते ती मलाही आवडते, पण ती मुलांसाठी आणि अगदी जवळच्या माणसासाठी राखून ठेवा. बाकीच्यांना फोन करून म्हणा, ‘वहिनी, यंदा मोठ्यांनी एकमेकांना काही द्यायचं नाही असं ठरवू या का? मुलांचं तेवढं करू.’ पहिल्यांदा हे बोलताना जीभ अडखळते. पण माझ्या अनुभवात समोरून बहुतेकदा सुटकेचा सूर येतो, कारण तिकडेही तोच हिशेब चाललेला असतो. ज्या घरांत माणसं जास्त आहेत तिथं चिठ्ठ्या टाका: प्रत्येकानं एकच चिठ्ठी उचलायची आणि त्या एका माणसासाठी मन लावून एकच वस्तू आणायची. रकमेची मर्यादा आधीच सांगून टाका, म्हणजे ज्याचा हात तंग आहे त्याला मान खाली घालावी लागणार नाही.

लहान मुलांना ‘नाही’ म्हणण्यापेक्षा निवड द्या. या रकमेत एक मोठं खेळणं किंवा दोन लहान, तू ठरव. माझा भाचा सहा-सात वर्षांचा असताना दुकानाच्या रांगेत बराच वेळ दोन्ही हातांत दोन खोकी घेऊन उभा होता, एक ठेवून यायचा, परत जाऊन आणायचा. आम्ही कुणी घाई केली नाही. त्यानं निवडलेली ती लाकडी ठोकळ्यांची पेटी अजून धाकट्यांच्या हातात आहे.

प्रत्यक्ष दुकानात

पोटभर खाऊन, सकाळी, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. ट्रॉली घेऊ नका, हातातली टोपली घ्या. ती जड झाली की आपोआप कळतं. संथ संगीत लागलेलं असेल तर पाय उचला: मिलिमन या संशोधकानं १९८२ साली एका सुपरमार्केटमध्ये पाहिलं की संथ गाण्यांनी गिऱ्हाइकांची चाल मंदावते, आणि जलद गाण्यांच्या दिवसांपेक्षा विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त होते.

आणि एक विनंती. काउंटरवरच्या मुलामुलींवर चिडू नका. हंगामात ती दिवसभर उभी असतात, संध्याकाळी पाय सुजलेले असतात, डोक्यावर विक्रीचं टार्गेट असतं. ऑफरच्या अटी त्यांनी लिहिलेल्या नसतात. घेणार नसाल तर ‘आज नको’ एवढं स्वच्छ सांगा, उघडलेला शर्ट घडीवर परत ठेवा. ठाम नकार दिला की त्यांचाही वेळ वाचतो.

घरी आल्यावर लगेच बिलांचे फोटो काढा, कारण त्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते. परतीची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. तोवर टॅग कापू नका, खोकं फेकू नका. दुसऱ्याला द्यायच्या वस्तूसाठी किंमत न छापलेलं बिल मिळतं का ते विचारून घ्या आणि ते पाकिटातच घालून द्या, म्हणजे माप चुकलं तर त्या माणसाला तुमच्याकडे बिल मागत यावं लागणार नाही.