उगवणीपूर्वीचे तणनाशक आणि कपाशी: सरकी किती खोल टोकावी?

सरकी टोकल्यावर पेंडिमेथालिन हे तणनाशक मारले, गवत उगवलेच नाही आणि कपाशी मात्र वर आली. यात पिकाच्या ताकदीपेक्षा जागेचा वाटा मोठा आहे. हे औषध मातीला घट्ट चिकटते आणि वरच्या दोन-तीन सेंटीमीटर थरातच राहते. घोळ, माठ, शिपी यांचे बारीक बी नेमके याच थरात रुजते. मुळाच्या आणि कोंबाच्या टोकाशी पेशींची वाढ थांबते, तण तिथेच संपते. सरकी त्या थराखाली असते. तिचे सोटमूळ आणखी खाली जाते आणि वाकलेला कोंब औषधाचा थर झटकन पार करतो. पानाखोडावरच्या काळ्या ठिपक्यांसारख्या ग्रंथीही आत शिरलेले थोडे औषध अडकवून ठेवतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. आणि बीटीच्याही नको! बीटी अळीसाठी आहे, तणनाशकाशी तिचा संबंध नाही.

म्हणून सुरुवात पंपापासून नाही, टोकणीपासून करा. जमीन भुसभुशीत, ढेकळे फुटलेली हवीत. सरकी चार ते पाच सेंटीमीटर खोल टाका, वर बारीक माती ओढा आणि पायाने हलके दाबा. घाईत मजुराकडून खड्डा उघडा राहतो, तिथे औषध थेट सरकीवर पडते. मग दोष डब्याला दिला जातो. दर तासाला चार-पाच ठिकाणी माती उकरून बोटाने खोली तपासा.

आता मात्रा. 38.7 टक्के सी.एस. (बारीक कॅप्सूलमध्ये भरलेले, द्रवरूप) औषध कपाशीत एकरी 700 मिली. आधी साध्या पाण्याने फवारून बघा. 15 लिटरच्या पंपात 3 गुंठे होत असतील तर पंपाला साधारण 52 मिली पडते. झाकणाने अंदाजे मोजू नका. हलक्या, मुरमाड रानात माती औषध कमी धरते, तिथे जास्तीचा थेंबही नको.

टोकणीनंतर दोन दिवसांच्या आत, ओल असताना, फ्लॅट फॅन (पट्ट्यासारखा सपाट फवारा देणाऱ्या) नोझलने मागे मागे सरत फवारा. फवारलेल्या जागेवर पाय पडू देऊ नका. हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. मोठ्या पावसाचे ढग असतील तर थांबा. आंतरपीक तुरीचे असेल तर चालते. ज्वारीच्या ओळी असतील तर हे औषध नको. हरळी आणि लव्हाळा गाठींतून फुटतात, ते याने जात नाहीत. पुढचे वीसेक दिवस डवरा घालू नका, थर मोडतो.

रोपे खुजी दिसली तर दोन-चार उपटून पाहा. जमिनीलगत खोड सुजलेले आणि बाजूची मुळे आखूड, जाड असतील तर औषध लागले आहे. सोटमूळ पांढरे, लांब असेल तर पीक मोडायची घाई करू नका.