वर्षश्राद्धासाठी वडिलांची स्मृतिपुस्तिका कशी काढावी

वर्षश्राद्धाला वाटण्यासाठी पुस्तिका करायची असेल तर तीन महिने हाताशी ठेवा आणि आधी पंचांग बघा. श्राद्ध तिथीने असतं, त्यामुळे तारखेच्या हिशेबाने ते दहा-अकरा दिवस अलीकडे येतं. मध्ये अधिक मास आला तर गणित बदलतं. गुरुजींना विचारून दिवस पक्का करा, मगच छापखान्यात जा.

सुरुवात कागदांपासून करा. शाळा सोडल्याचा दाखला, सेवापुस्तक, पेन्शनची कागदपत्रं, लग्नपत्रिका, जुनी पासबुकं, किराण्याच्या हिशेबाची वही. दाखल्यावर १ जून दिसला की थांबा. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर तीच लिहून टाकत. घरात जन्मपत्रिका असेल तर ताडून बघा. तिच्यात शक दिला असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवा. जानेवारी लागल्यापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतचा जन्म असेल तर ७९. दाखल्याची आणि पत्रिकेची तारीख वेगळी निघाली तर दोन्ही छापा आणि कुठली कुठून आली ते लिहा.

मग माणसांना गाठा, सगळ्यात म्हाताऱ्यांना सगळ्यात आधी. एकेकाला वेगळं बसवा. आत्या आणि काका एकत्र बसले की एकच जण बोलतो, दुसरा माना डोलावतो. पंखा बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये त्याचीच घरघर ऐकू येते. फोन विमान मोडवर टाका, कारण मध्येच कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटतं. पाऊण तासाच्या वर बसवू नका.

‘नाना कसे होते?’ असं विचारलंत तर ‘फार प्रेमळ, कष्टाळू’ एवढंच हाती लागेल. असली विशेषणं कुणालाही चिकटतात. त्यापेक्षा विचारा: पगाराच्या दिवशी घरी काय आणायचे? सायकल कुठल्या दुकानातून घेतली, रोख की हप्त्याने? चिडले की ओरडायचे की जेवण सोडायचे? ‘भाजी आणली की पिशवी उलटी करून झटकायचे, घडी घालून खुंटीला लावायचे, मगच चहा,’ या एका वाक्यात माणूस दिसतो.

सन कुणालाच आठवत नाही, प्रसंग आठवतात. त्यांना धरून साल काढा. पुण्याकडच्यांना पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), साताऱ्या-कराडकडच्यांना कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), मराठवाड्यात आणि देशावर १९७२ चा दुष्काळ, मुंबईत जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप. ‘तेव्हा थोरली जन्मली होती का? कुठल्या घरात राहत होता?’ एवढ्यावर वर्ष सापडतं. आणखी एक: १९७५ च्या आधीची एसएससी म्हणजे जुनी अकरावी; ‘दहावी’ लिहिलंत की शिक्षणाचं एक वर्ष चुकतं.

फोटो मोबाईलने टिपू नका, स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढा किंवा त्याहून लहान फोटो ६०० डीपीआयवर (स्कॅन किती बारकाईने करायचं त्याचं माप), मोठा ३०० वर. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, ओलीने त्याचा रंगाचा थर काचेला धरलेला असतो, ओढलात की चेहराच निघून येतो. काचेसकट स्कॅन करा. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो आकसून येतो आणि छापल्यावर धुरकट दिसतो. फोटोतली नावं डावीकडून उजवीकडे लगेच लिहून घ्या. मागच्या रांगेतली माणसं ओळखणारे घरात एक-दोघंच उरलेले असतात.

मुलं ‘नाना’ म्हणतात, नातवंडं ‘आबा’, भावकी ‘दादा’. ज्याच्या तोंडी जे नाव, ते त्याच्या लेखात तसंच राहू द्या. प्रत्येकाला तीनशे शब्दांची मर्यादा घाला. कुरकुर होईल, पण ती घातली नाहीत तर एकाच काकांची पंधरा पानं येतात. वाटणीची भांडणं, कर्ज, व्यसन यांतलं काय घ्यायचं ते आईला, भावंडांना विचारूनच ठरवा. आधार क्रमांक, सही, बँकेचा कागद मात्र फोटोतही दिसू देऊ नका.

आकार ए-५, पानं ३२. पिनबांधणीत पानं चारच्या पटीतच लागतात. ३० झाली तर दोन कोरी जातात. आत ९० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो म्हणजे साधा पांढरा छपाईचा कागद, फोटो बरेच असतील तर १३० चा गुळगुळीत आर्ट पेपर, कव्हर २५० जीएसएम. अक्षर १४ पॉइंटचं घ्या, वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-संगणकावर सगळीकडे सारखा दिसणाऱ्या टायपिंगमध्ये, द्या. छापखान्यात जुना फॉन्ट वापरत असतील तर रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं फुटतात, ‘सूर्यकांत’चं काहीतरी भलतंच होतं. म्हणून प्रूफ कागदावर मागा आणि दोघांनी बसून, एकाने मोठ्याने वाचत तपासा. नावं शेवटी पुन्हा एकदा, सुना-जावयांचीही. चुकलेल्या नावाचा राग वर्षानुवर्षं टिकतो.

प्रती घरटी एक धरून वर वीस जादा छापा. पीडीएफ दोन वेगळ्या घरांतल्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि कच्चं रेकॉर्डिंग पुसू नका.