कापरेकरांचे कोडे आणि वाडीतल्या बिल्ट्या

मी नागपूरला लागून असलेल्या वाडी येथील एका वाहतूक कार्यालयात हिशेबनीस आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. गेली चार वर्षे मी पहाटे, घरातली कामे सुरू होण्याआधी, अर्धा-पाऊण तास पायथॉन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून कोडी सोडवते आणि त्यातून जे हाती लागते ते कार्यालयातील रोजच्या ठरावीक कामांना लावते. कोड्यांचा प्रत्यक्ष कामात काय उपयोग, असे नव्याने शिकणारे अनेकदा विचारतात. तो उपयोग मला कुठे दिसला, ते येथे लिहीत आहे.

पहिले कोडे म्हणून मी कापरेकरांचा स्थिरांक सुचवेन. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांना तो १९४९ मध्ये सापडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ हाती येते. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२ आणि शेवटी ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

माझ्या प्रोग्रॅमने ३५२४ चे उत्तर बरोबर दिले, म्हणून मी तो १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सगळ्या संख्यांवर चालवला, आणि तो पहिल्याच संख्येवर अडकला. बराच वेळ पडद्यावर काहीच उमटेना. शेवटी वही घेऊन हाताने गणित मांडले, तेव्हा उलगडा झाला. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. हे उत्तर मी तीन अंकी समजले, तर पुढे ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य, आणि त्या शून्यातून प्रोग्रॅम कधीच बाहेर येत नाही. ते ०९९९ असे चार अंकी धरले, तर ८९९१, ८०८२, ८५३२ असे होत ६१७४ पर्यंत नीट पोहोचते. डावीकडच्या ज्या शून्याला आपण किंमत देत नाही, तेच येथे सगळे काम करत होते. पायथॉनमध्ये हे शून्य परत जोडायला एक शब्द पुरतो, पण तो कुठे लिहायचा हे मला वहीतल्या त्या चार ओळींनी शिकवले.

पुढच्या वर्षी ड्रायव्हरांच्या अ‍ॅडव्हान्सची यादी मी प्रोग्रॅमने तयार करू लागले आणि पहिल्याच आठवड्यात तीन रकमा बँकेकडून परत आल्या. त्यातला एक ड्रायव्हर गाडी घेऊन रायपूरच्या वाटेवर होता आणि त्याच्याकडे डिझेलपुरतेही पैसे नव्हते. त्याचा फोन आला तेव्हा मला फार अपराधी वाटले. यादी उघडून पाहिली, तर तिन्ही खाते क्रमांकांच्या सुरुवातीची शून्ये गायब होती. माझ्या प्रोग्रॅमने ते क्रमांक संख्या म्हणून वाचले होते. ही चूक मी पूर्वी वहीत पाहिलेली असल्यामुळे ती सापडायला पाच मिनिटेही लागली नाहीत. तेव्हापासून ज्याची कधी बेरीज करायची नाही, ते मी मजकूर म्हणूनच वाचते, मग तो खाते क्रमांक असो, पिनकोड असो, मोबाइल क्रमांक असो की बिल्टीचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचा, क्रमांक. एक्सेलमध्येही हाच धोका आहे; शिवाय तेथे संख्येचे पहिले पंधरा अंकच टिकतात आणि पुढच्या अंकांचे शून्य होते.

कापरेकरांनंतर ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’कडे वळावे. एरिक वॅस्टल यांनी २०१५ पासून चालवलेला हा डिसेंबरातील कोड्यांचा उपक्रम आहे आणि मागील वर्षांची कोडीही सोडवता येतात. २०२१ मधील सहाव्या दिवसाचे माशांचे कोडे अवश्य सोडवा. त्यात प्रत्येक मासा ठरावीक दिवसांनी नवा मासा जन्माला घालतो आणि इतक्या दिवसांनंतर एकूण किती मासे होतील, ते सांगायचे असते. प्रत्येक मासा वेगळा लिहून ठेवला तर ८० दिवसांचे उत्तर मिळते, पण २५६ दिवसांच्या हिशेबाला संगणकाची स्मृती पुरत नाही. नवा मासा जन्मायला किती दिवस उरलेले किती मासे, एवढेच मोजले की नऊ आकड्यांत काम भागते. आम्ही हिशेबनीस रोजमेळातून खतावणी करतो, म्हणजे रोजच्या सुट्या नोंदी खात्यांनुसार एकत्र करतो, ती याच विचाराने, हे लक्षात आल्यावर मला मनापासून आनंद झाला होता.

ठरावीक काम प्रोग्रॅमकडे सोपवताना कार्यालयाची परवानगी घ्यावी, मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करावे आणि पासवर्ड प्रोग्रॅममध्ये लिहू नये. मी पार्टीनिहाय, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या, भाड्याचा तक्ता महिनाभर हाताने आणि प्रोग्रॅमने असा दोन्ही प्रकारे केला आणि रोज संध्याकाळी ताळा पाहिला. ताळा पाहण्याचा हा महिना घाईने उरकू नका. पार्टीच्या नावापुढे पडलेली एक मोकळी जागा त्याच पार्टीची दोन खाती करते, हे मला त्याच काळात कळले. पूर्वी तासभर खाणारा हा तक्ता आता ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमुळे मी कार्यालयात पोहोचण्याआधी तयार असतो.

अ‍ॅडव्हान्सची रक्कम पाठवण्याचे काम मात्र मी प्रोग्रॅमला दिलेले नाही. ज्या खाते क्रमांकाची लांबी मागच्या नोंदीशी जुळत नाही, तो प्रोग्रॅम वेगळ्या पानावर काढून ठेवतो, आणि त्या पानावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला फोन करून मी एकेक अंक त्याच्याकडून वाचून घेते.