जुनी चावडी पुन्हा उभी करताय? या चुका टाळा

सहा वर्षांपूर्वी आम्ही गावची चावडी दुरुस्त करून पुन्हा उघडली आणि पहिल्या दोन वर्षांत करता येतील तेवढ्या चुका करून मोकळे झालो. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, पाच खणांचा सागवानी सांगाडा, वर मंगलोरी कौलं. असा ऐवज देशावरच्या कितीतरी गावांत अजून उभा आहे. कुठे तलाठ्याच्या जुन्या कपाटांसकट, कुठे कडब्याच्या पेंढ्यांनी भरलेला. आता आसपासच्या गावांतून फोन येतात, "अण्णा, इस्टिमेट आलंय, नजर टाका." नजर टाकली की पहिल्याच पानावर दिसतं: सिमेंट प्लास्टर, व्हिट्रीफाइड टाइल्स, कलरकोटेड पत्रा. म्हणजे पुढच्या चार वर्षांची दुखणी आधीच लिहून ठेवलेली.

त्याच्याही आधी एक गोष्ट बघायची असते, ती इस्टिमेटमध्ये नसते.

इमारत कुणाची, हे न बघता नारळ फोडणे

"चावडी गावाची" हे बोलायला ठीक आहे. कागदावर ती महसूल खात्याची असू शकते, ग्रामपंचायतीची असू शकते, एखाद्या देवस्थान ट्रस्टचीही निघते. हा घोळ जुना आहे. पूर्वी चावडी म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांचं कार्यालय. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली, 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, 1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. माणसं गेली, इमारत राहिली. तिथे तलाठी बसला, पुढे त्याचंही कार्यालय हललं आणि चावडीची नोंद जिथे होती तिथेच पडून राहिली.

म्हणून आधी ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घर-इमारतींच्या कर आकारणीची नोंद) काढा. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजलं गेलं असेल तर मिळकत पत्रिका बघा. जागा महसूलची निघाली तर नुसता ग्रामसभेचा ठराव पुरत नाही, तहसीलदारांमार्फत वर जावं लागतं. ट्रस्टची असेल तर तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जवळपास केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल, तर त्याच्यापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीची अट असते. दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. एका गावात काम अर्ध्यावर आल्यावर भाऊबंदकीतून अर्ज पडला आणि दोन पावसाळे छप्पर उघडं राहिलं. आत ओल्या लाकडावर अळंबी उगवली होती, मी स्वतः पाहिली.

चुन्याच्या भिंतीला सिमेंट

ही आमची सगळ्यात महागडी चूक. मागच्या भिंतीचा चुना ठिकठिकाणी सुटला होता. ठेकेदार म्हणाला, सगळा खरवडून पक्कं करून टाकू. पहिला पावसाळा झकास गेला. दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याच्या उंचीवर रंगाला फुगे आले. फुगा नखाने फोडला की आतून पिठासारखी पांढरी भुकटी गळायची. लोणा. ठेकेदाराने वॉटरप्रूफ पावडर घालून पुन्हा प्लास्टर चोपडलं, तर ओल कंबरेपर्यंत चढली.

कारण साधं आहे. जुन्या भिंतीला पाया खालून ओल देतोच. वीट आणि चुना ती ओल पितात आणि उन्हाळ्यात वाऱ्यावर सोडून देतात. सिमेंटचा थर हा श्वास कोंडतो. बाहेर पडायला वाट नाही म्हटल्यावर पाणी वर चढतं, बरोबर जमिनीतले क्षार नेतं, आणि ते क्षार प्लास्टरच्या मागे स्फटिक होऊन विटेचा भुगा करतात. सिमेंट शाबूत राहतं, मागची वीट मरते. म्हणून बाहेरून काही कळतही नाही.

शेवटी शेजारच्या गावचे एक म्हातारे गवंडी आणले. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, जिथे भद्द आवाज आला तिथे कोळशाने गोल केले आणि म्हणाले, "हे सगळं उतरवा आणि एक उन्हाळा भिंत उघडी ठेवा." आम्हाला उद्घाटनाच्या वर्धापनदिनाची घाई. त्यांनी ऐकलं नाही, ते बरं झालं.

चुन्याचं काम करायचं तर एवढं सांभाळा. कळीचा चुना आणून भिजवा आणि पाण्याखाली निदान दोन-तीन आठवडे मुरू द्या. भिजवताना तो उकळतो, उडतो; डोळ्यांना चष्मा आणि पोरांना लांब. दुकानात उघड्या पोत्यात महिनोन्‌महिने पडलेला चुना घेऊ नका, हवेने तो केव्हाच मेलेला असतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू, त्यात विटेची सुर्खी. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, मेथी, उडीद यांबाबत प्रत्येक गवंड्याचा हात वेगळा. त्यावर वाद घालण्यापेक्षा हातभर जागेवर लावून महिनाभर बघा. थर पातळ द्या, रणरणत्या उन्हात लावू नका, आणि दोन आठवडे गोणपाट ओलं ठेवा. वर प्लास्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत पाण्यात. चुन्याची सफेदीच द्यायची.

ओल कुठून येते हे न शोधता औषध करणे

भिंत ओली दिसली की सगळे छपराकडे बघतात. आमच्या बाबतीत गुन्हेगार रस्ता होता. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चावडीसमोरचा रस्ता प्रत्येक निवडणुकीला एक थर वाढला. आधी खडी, मग डांबर, मग काँक्रीट. जुन्या फोटोत पाच पायऱ्या दिसतात, प्रत्यक्षात साडेतीन उरल्या होत्या. म्हणजे जोतं तेवढं जमिनीत गेलं आणि गल्लीतलं पाणी सरळ भिंतीच्या पायाशी यायला लागलं. उपाय रसायनाचा नव्हता, फावड्याचा होता: भिंतीलगत चर, तळाशी गटाराकडे उतार, आणि पुरलेलं जोतं मोकळं करणं. पायाच्या खाली मात्र खणू नका.

आतल्या फरशीचीही तीच गत. शहाबादी फरशी सांध्यांतून ओल सोडते. तिच्यावर चकचकीत टाइल्स बसवल्या की जमिनीतली ओल भिंतींकडे सरकते. ओल भिंतीतून येतेय की हवेची आहे, याचा शक असेल तर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी भिंतीला चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आतून थेंब धरले तर भिंत ओली. बाहेरून धरले तर खिडक्या उघडा, एवढंच.

कौलं उतरवून पत्रा

माकडं कौलं फोडतात. पत्र्याचं खरं कारण तेच असतं, आणि ते मला मान्य आहे. पण पत्र्याखाली जुलैमध्ये ग्रामसभा घेऊन बघा. सरपंचाचं भाषण पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही (काहींना हा फायदा वाटेल). एप्रिलमध्ये आत बसवत नाही. मग आवाज आणि उष्णता अडवायला पीओपीचं छत येतं, त्यामागे कडीपाट (कड्या-फळ्यांचं जुनं लाकडी छत) झाकला जातो आणि वाळवीला अंधार मिळतो.

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला काढला. पुढे बऱ्याच कारखान्यांनी तसली कौलं काढली. कौल उलटं केलं की कारखान्याचं नाव उठावात दिसतं. ते वाचा आणि त्याच छापाची कौलं पाडलेल्या घरांतून जमवा. दोन कारखान्यांच्या कौलांची खाच जुळेलच असं नाही. न जुळणारं कौल बसल्यासारखं दिसतं आणि पहिल्याच वळवाला गळतं. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात, त्या हिशोबाने जादा साठा मागच्या पडवीत रचून ठेवा.

गळती शोधायची तर पाऊस पडत असताना आत अंधार करून बॅटरी घेऊन उभे राहा. थेंब पडतो तिथे भोक नसतं. पाणी वाशावरून हातभर घसरत येऊन पडतं, त्यामुळे डागापासून वर आढ्याच्या दिशेने शोधत जा.

तुळई बदलण्याची घाई

सागवान दिसायला काळंकुट्ट झालं तरी बहुतेक ठिकाणी आत धड असतं. सडतं ते टोक, भिंतीत गेलेलं. तिथे दाभण खुपसा. लोण्यासारखं आत गेलं तर तेवढंच टोक कापून जुन्या सागाचा जोड सांधता येतो, चांगला सुतार असेल तर. आख्खी तुळई काढून लोखंडी गर्डर टाकायचा सल्ला देणाऱ्याला विचारा, काढलेली तुळई कोण नेणार. उत्तर रंजक असतं. नव्या टोकाभोवती सिमेंट ठासू नका, हवा खेळायला बोटभर फट ठेवा.

भिंतीतला पिंपळ हिसकून काढू नका, दगड घेऊन येतो. बुंधा छाटून मुळं मारा, वाळू द्या, मग सांधा भरा. आणि घडीव काळ्या दगडाला राखाडी ऑइलपेंट मारून वर पांढऱ्या रेषांनी खोटे सांधे काढण्याची जी साथ आलीय, तिच्यावर मी काही लिहीत नाही; रक्तदाब वाढतो.

वायरिंग मात्र पूर्ण नवं करा, यात काटकसर नाही. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरी, वर कडीपाट, आणि त्यावर लग्नाच्या डीजेचा भार. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) बसवा.

एक राहिलं. कपाटात, माळ्यावर रुमालात बांधलेली दप्तरं सापडतील. मोडी लिपीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दी ठरत नाहीत. लॅमिनेशन करू नका, उन्हात वाळवू नका. महसुली असतील तर तहसीलला कळवा, नाहीतर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जाणत्या संस्थेला विचारा.

निधी आधी, काम नंतर ठरवणे

सरकारी इस्टिमेट दरसूचीवर बनतं. तिच्यात ज्याचा सरावातला दर, तेच काम लिहायला अभियंत्याला सोपं, म्हणून सिमेंट येतं. त्यातून निधी जानेवारीत उतरतो आणि मार्चअखेर खर्ची पडायला हवा. चुन्याला 31 मार्च कळत नाही. आम्ही दुसऱ्या खेपेला वाटणीच केली: वीज, शौचालय, संरक्षक भिंत, गटार ही कामं सरकारी पैशातून, भिंती आणि छप्पर लोकवर्गणीतून. वर्गणीला घाई नसते, फक्त हिशोब लागतो. पावती पुस्तक, दोन सह्यांचं बँक खातं, आणि दर महिन्याला जमाखर्च चावडीच्या दारावर. शौचालय मुख्य भिंतीला टेकवून बांधू नका, तिथली गळती कधी संपत नाही. पण बांधा नक्की, नाहीतर बायकांसाठी ही इमारत बंदच आहे.

उघडली, पण कुणासाठी?

उद्घाटनाला आम्ही "चावडीचा वैभवशाली इतिहास" असा मोठा फलक लावला होता. त्या दिवशी खालच्या वस्तीतली दोन-तीन म्हातारी माणसं आली आणि पायऱ्यांखालीच उभी राहिली. वर या म्हटलं तर नुसती हसली. त्यांच्या आजोबांनी वतनाच्या काळात इथे रोज हजेरी दिली होती, निरोप पोचवले होते, सारा वाहून नेला होता, ते पायरीखाली उभं राहून. ज्या जागेत आपल्या माणसाला बसू दिलं नव्हतं, तिच्या वैभवाचा फलक वाचायला आम्ही त्यांना बोलावलं होतं. फलक उतरवला. आता जो आहे त्यावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर तराळ-वेसकरांचं, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या आणि वेस राखणाऱ्या गावकामगारांचं, कामही लिहिलंय आणि ते कुठे उभे राहत तेही. लिहिताना कुरकुर झाली, ग्रामसभेत दोन तास गेले. वस्तीतल्या बचत गटाची बैठक दर मंगळवारी आत भरते, आणि एक किल्ली त्यांच्याकडे असते.

किल्लीवरूनच निम्मी भांडणं होतात. एकाच माणसाकडे असली की चावडी त्याची होते. तीन किल्ल्या, तीन वेगळ्या आळ्यांत, आणि दाराशी नोंदवही: कोण, कशासाठी, कधी उघडली, कधी लावली.

दुसरं, दारातला पत्त्यांचा डाव. ओट्यावर दुपारी चार जण पत्ते खेळत बसले की एकही बाई पायरी चढत नाही. आम्ही कुणाला उठवलं नाही, पारावर दोन बाकं टाकली, तिथे सावलीही बरी आहे. तिसरं, कोपऱ्यातला फोटो. फोटोला हार, मग देव्हारा, मग घंटा. वर्षभरात सभागृहाचं देऊळ होतं आणि मग तिथे कुणी काय करावं यावर वाद. पहिल्या हारालाच नम्रपणे नाही म्हणा.

लग्नाला द्यायची तर अनामत आगाऊ घ्या आणि चूल बाहेर, लाकडी छताखाली नाही. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, हे नियमातच आहे. तरी पहिल्या वर्षी आम्ही भिडेखातर गप्प बसलो आणि चावडीतच चालणाऱ्या अभ्यासिकेतली पोरं परीक्षेच्या तोंडावर वैतागून निघून गेली. खरं तर इमारत राखतात ती हीच पोरं. पहाटे पाचला दार उघडतं, रात्री अकराला लागतं. कौल सरकलं, वायर तापली, कोपऱ्यात वाळवीची मातीची रेघ चढली, की त्यांना त्याच दिवशी दिसतं. लग्नांचं भाडं जास्त येतं, पण लग्न आठवड्यातून एकदा.

मृग लागायच्या आधी शाकारणी, म्हणजे कौलं नीट बसवून घेणं. यंदा वर चढायला सहा जण आले, त्यातले चार अभ्यासिकेतले. त्यांना आधी खाली बसवून एवढंच शिकवलं: कौलावर पाय ठेवताना खाली वासा कुठे आहे ते बघायचं, बरोबर त्याच्यावर ठेवायचा, मधल्या पोकळीत नाही. तरी नऊ कौलं फुटली. पडवीतल्या साठ्यातली बसवली, आणि वहीत लिहिलं: पुढच्या वर्षीसाठी पन्नास जमवणे.