बऱ्याच वर्षांनी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जायचंय?

वसईत उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, लागला की धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांपेक्षा त्यांच्या आईबापांचेच प्रश्न जास्त येतात. "बाई, फादरांना नेमकं काय सांगायचं असतं? लग्नानंतर गेलोच नाही हो." लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या) वेळी पाठ केलेलं सगळं विसरलेलं असतं. त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

आदल्या रात्री निवांत बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. दहा आज्ञा एकेक घ्या आणि आपण कुठे चुकलो ते आठवा. कागदावर टिपलंत तर नंतर फाडून टाका, घरच्यांच्या हाती लागला तर नवीनच महाभारत! टिपताना "राग केला, आळस केला" असं गुळमुळीत नको. "आईची औषधं मुद्दाम उशिरा आणली" असं लिहा. गंभीर पाप असेल तर ते कोणतं आणि साधारण किती वेळा, हेही सांगायचं असा चर्चचा नियम आहे. सगळा किस्सा मात्र सांगत बसू नका.

आणि 'पण' गाळा. "मी बोलले, पण सासूच तशी आहे" हे सासूचं कन्फेशन झालं, तुमचं नाही. बायबलमधलं स्तोत्र 51 वाचून जा. दावीद राजाने उरियाची बायको घेतली, त्याला लढाईत मरायला पाठवलं, आणि नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर शुद्धीवर आला. पण त्या स्तोत्रात तो दुसऱ्या कोणावर खापर फोडत नाही.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करा, शेवटचं कन्फेशन कधी केलं ते सांगा, मग पापं. फादर दोन शब्द बोलतील, प्रायश्चित्त देतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची आणि ते पापमुक्ती देतील. प्रार्थना आठवत नसेल तर आपल्या शब्दांत क्षमा मागा. फादर इथलेच असतील तर खुशाल कादोडीत, आपल्या वसईच्या बोलीत, बोला. रडताना प्रमाण मराठी कोणाला सुचतं?

ओळखीच्या फादरांची लाज वाटते? पवित्र आठवड्याच्या (ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याच्या) आधी शेजारच्या धर्मग्रामांतले, म्हणजे दुसऱ्या चर्चचे, फादर कन्फेशन ऐकायला येतात, त्यांच्या रांगेत उभे राहा. तसंही ऐकलेलं बाहेर काढायची कोणत्याच धर्मगुरूला मुभा नाही. जो जाणूनबुजून ते गुपित फोडेल तो त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो, इतका हा कायदा कडक आहे.

आता जिथे बहुतेकांचं घोडं अडतं ते. वाडीचा बांध हातभर सरकवला असेल, तर तीन 'नमो मरिया' प्रार्थना म्हणून जमीन भावाकडे परत जात नाही. पापमुक्ती मिळाली तरी भरपाई तुमच्याकडेच राहते. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने येशूला घरी घेतलं तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. तुम्ही निदान बांध तरी मागे घ्या. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. भावाने दार उघडलंच नाही तर? त्याची क्षमा मिळवणं तुमच्या हातात नाही, मोजणीचा खर्च देणं आहे. माणूस वारला असेल तर त्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) सांगा, आणि देणं असेल ते त्याच्या मुलांना द्या.

काही बाया वेगळंच ओझं घेऊन येतात. नवरा मारतो, आणि या "मला त्याचा राग येतो" म्हणून क्षमा मागायला निघतात. अशा बाईला मी आधी माहेरी किंवा पोलीस ठाण्यात पाठवते. मार खाणं हे तिचं पाप नाही आणि पुन्हा त्याच घरात जाणं हे प्रायश्चित्तही नाही. क्षमेचं पुढे बघू, तिच्या सोयीने.

एकदा सांगितलेलं पाप दर आठवड्याला पुन्हा सांगावंसं वाटत असेल, क्षमा मिळाली यावर विश्वासच बसत नसेल, तर फादर बदलत फिरू नका. एकच धरा आणि त्यांनी "हे आता पुन्हा सांगायचं नाही" म्हटलं की ऐका. झोप उडाली असेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडेही जा. तिथे जाण्यात श्रद्धा कमी पडली असं काही नसतं.